एडीएचडीचं निदान इतक्या घाईने का होतं?

एडीएचडी, म्हणजे अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता यांचा विकार. त्यावरचा वाद आता ठरलेल्या वळणाने जातो. एक बाजू म्हणते, हे सगळं नवीन खूळ आहे. आमच्या वेळी अशा मुलांना नुसतं वांड म्हणायचे आणि तीच मुलं मोठी होऊन मार्गी लागायची. दुसरी बाजू म्हणते, आयुष्यभर आम्हाला आळशी, वेंधळं, बेजबाबदार म्हणून हिणवलंत, आता आमच्या त्रासाला नाव सापडलंय तर तेही हिसकावून घेताय? पहिली बाजू निदानांचे वाढते आकडे पुढे करते, दुसरी बाजू निदानाविना वाया गेलेली वर्षं. दोघांकडे पुरावा आहे, दोघांची कळकळ खरी आहे, आणि तरी एकूण प्रकार आजार म्हशीला नि इंजेक्शन पखालीला असाच होतो. कारण निदान जास्त होतंय की कमी, या प्रश्नाला एकच उत्तर असलं पाहिजे असं दोघांनीही धरून ठेवलंय.

माझं म्हणणं असं, की दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडताहेत, कित्येकदा एकाच वर्गात. ज्या मुलाला हा विकार नाही त्याच्यावर शिक्का बसतो, आणि मागच्या बाकावर गप्प बसून वहीच्या कोपऱ्यात रेघोट्या ओढणारी मुलगी कुणाच्या डोळ्यावर येत नाही. दोन्ही चुका घाईतून होतात. निदान ही एक चौकशी असते. आपण तिची प्रश्नावली करून टाकली आहे. निकष कडक करा ही मागणी आणि निकष सैल करा ही मागणी, दोन्ही या घाईला हातसुद्धा लावत नाहीत.

निकष नेमकं काय सांगतात ते आधी पाहू, कारण हिरिरीने बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते शेवटपर्यंत वाचलेले दिसतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती, डीएसएम-५, २०१३ साली आली. तिच्यात अवधानाच्या कमतरतेची ९ आणि अतिचंचलता व उतावीळपणाची ९ अशी १८ लक्षणं दिली आहेत. मुलांमध्ये एका गटातली किमान ६ आणि वयाच्या १७व्या वर्षापासून पुढे किमान ५ लक्षणं सहा महिने तरी टिकून असावी लागतात. चर्चा इथेच थांबते. पण पुस्तिका इथे थांबत नाही. लक्षणं त्या वयाच्या मानाने जास्त असायला हवीत. त्यांतली बरीचशी वयाच्या १२ वर्षांच्या आधीपासून दिसत असायला हवीत. ती घर, शाळा, काम, मित्रमंडळी यांपैकी किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. त्यांच्यामुळे शिक्षणात, कामात किंवा नात्यांत खरोखरच अडथळा येत असायला हवा. आणि दुसऱ्या एखाद्या कारणाने त्यांचा अधिक चांगला उलगडा होत असेल तर हे निदान करायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही वर्गवारी जानेवारी २०२२ पासून लागू झाली; ती लक्षणांचा ठरावीक आकडासुद्धा सांगत नाही, पण बाकीचा रोख हाच.

लक्षणांच्या यादीवर खुणा करायला दहा मिनिटं पुरतात. उरलेल्या अटी तपासायला मात्र वेळ आणि माणसं लागतात: आई-वडील, वर्गशिक्षक, जुनी प्रगतिपुस्तकं, मोठ्यांच्या बाबतीत जोडीदार किंवा भावंडं, आणि हे सगळं ऐकून घेणारा, एकमेकांशी ताडून पाहणारा डॉक्टर. जे दहा मिनिटांत होतं ते आपण ठेवलं आणि ज्याला वेळ लागतो ते गाळलं.

यादीतलं एकच लक्षण घेऊ. "समोरून थेट बोललं तरी ऐकत नाही असं वाटतं." आईने "नेहमी"च्या रकान्यात खूण केली. आता हे मूल का ऐकत नसेल? सर्दी वारंवार होऊन मधल्या कानात पाणी साचलं असेल, तर त्याला खरोखरच कमी ऐकू येतंय. अपस्माराचा एक प्रकार असा असतो की मूल काही सेकंद शून्यात पाहतं, हाकेला ओ देत नाही, आणि लगेच काहीच न झाल्यासारखं पुढे चालू लागतं. दिवसातून अनेकदा असं झालं तर बाईंना ते मूल "तंद्रीत" असल्यासारखंच दिसतं. टॉन्सिल आणि ॲडेनॉइड वाढल्याने रात्री घोरत, तोंडाने श्वास घेत झोपणारं मूल दिवसा पेंगण्याऐवजी उलट जास्त चुळबुळ करतं. घरात रोज भांडणं होत असतील तर मुलाचं अर्धं लक्ष दाराच्या आवाजाकडे असतं. वाचनदोष असेल तर फळ्यावरचं काहीच लागत नाही, मग नजर खिडकीबाहेर जाणारच. आणि यातलं काहीच नसेल, तर ते एडीएचडीही असू शकतं. खूण सगळ्यांच्या बाबतीत एकाच रकान्यात पडते. त्या खुणेमागे काय आहे हे खूण सांगत नाही, आणि एका मुलात यातल्या दोन गोष्टी एकत्र नांदत असतील तर गुंता आणखी वाढतो. इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की निव्वळ प्रश्नावलीच्या किंवा निरीक्षणाच्या आधारावर हे निदान करू नये. ही गोष्ट लेखी सांगावी लागली, यातच सगळं आलं.

आता विरोधी बाजूचा सर्वांत जुना आक्षेप. रक्ताची चाचणी नाही, मेंदूचं स्कॅन काढून दाखवता येत नाही, मग हा आजार आहे हे ठरवलं कुणी? काही माणसांनी खोलीत बसून एक यादी केली आणि दर काही वर्षांनी ती बदलली. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १८५१ साली सॅम्युअल कार्टराइट नावाच्या अमेरिकन डॉक्टरने गुलामगिरीतून पळून जाण्याच्या इच्छेलाच मानसिक आजार ठरवून तिला भारदस्त ग्रीक नाव दिलं होतं. समलैंगिकता १९७३पर्यंत अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या यादीत विकार म्हणून नांदत होती. जे वर्तन सत्तेला, शाळेला, समाजाला गैरसोयीचं, त्याला आजार म्हणायचा मोह या शास्त्राला पूर्वी झालेला आहे. खुद्द एडीएचडीचा इतिहासही निष्कलंक नाही. १९०२ साली जॉर्ज स्टिल या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांबद्दल लंडनमध्ये व्याख्यानं दिली, तेव्हा त्याने दोष "नैतिक नियंत्रणा"चा ठरवला. पुढे मेंदूज्वराच्या साथीतून वाचलेल्या मुलांमध्ये तशीच अस्वस्थता दिसली म्हणून "मेंदूला सूक्ष्म इजा" हा शब्दप्रयोग रूढ झाला. इजा काही सापडेना, तेव्हा "सूक्ष्म बिघाड" म्हणायला सुरुवात झाली. १९६८च्या डीएसएममध्ये ती "बालवयातली अतिचंचल प्रतिक्रिया" होती, १९८०मध्ये भर अवधानावर आला, १९८७मध्ये आजचं नाव मिळालं. एवढ्या वेळा बारसं झालेल्या आजाराबद्दल कुणी संशय घेतला तर त्याला अडाणी म्हणता येणार नाही.

पण या इतिहासातून निष्कर्ष काय काढायचा? नावं बदलली, स्टिलने वर्णन केलेलं मूल मात्र आजही ओळखू येतं. त्याच्याही आधी, १७९८ साली, अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरने लक्ष एका जागी न ठरण्याच्या अवस्थेबद्दल लिहिलं होतं, तेव्हा ना औषध कंपन्या होत्या ना मोबाइल. आणि चाचणी नाही म्हणून आजार नाही, हे तर्कशास्त्र इतरत्र आपण कुठे लावतो? अर्धशिशीची रक्तचाचणी नाही. डॉक्टर विचारून, ऐकून ठरवतात. मेंदूच्या विद्युतलहरींचा पहिला आलेख हान्स बर्गरने १९२४ साली घेतला आणि १९२९ साली प्रसिद्ध केला, पण त्याआधी हजारो वर्षं माणसं अपस्मार ओळखत होती. आजही दोन झटक्यांच्या मधल्या काळात काढलेला तो आलेख अगदी सामान्य येऊ शकतो आणि मग झटका पाहणाऱ्या माणसाने केलेलं वर्णनच निर्णायक ठरतं. जुळ्यांच्या अभ्यासांतून एडीएचडीची आनुवंशिकता साधारण ७४ टक्के निघते, म्हणजे लोकसंख्येत माणसामाणसांतला जो फरक आहे त्याचा मोठा वाटा जनुकांशी जोडलेला आहे. अशी गोष्ट कुणा समितीने कागदावर निर्माण केलेली असू शकत नाही. समितीने आखली ती फक्त सीमारेषा.

सीमारेषेचा हा प्रश्न वैद्यकशास्त्रात याआधीही लढला गेलाय. १९५०च्या दशकात ब्रिटनमध्ये रॉबर्ट प्लॅट आणि जॉर्ज पिकरिंग या दोन दिग्गजांचा उच्च रक्तदाबावरून वाद पेटला होता. प्लॅट म्हणत होते, हा वेगळा आजार आहे, माणसाला तो असतो किंवा नसतो. पिकरिंग म्हणत होते, रक्तदाब ही उंचीसारखी सलग गोष्ट आहे. अमुक आकड्यापुढे आजार सुरू होतो हा आपला सोयीचा करार आहे. पिकरिंग बरोबर ठरले. २०१७ साली अमेरिकेच्या हृदयरोग संघटनांनी ती रेषा १४०/९०वरून १३०/८०वर आणली आणि एका रात्रीत लाखो माणसं "रुग्ण" झाली. म्हणून रक्तदाबाने होणारा पक्षाघात खोटा ठरतो का? अवधानही तसंच सलग पसरलेलं आहे. आपल्यापैकी प्रत्येकजण किल्ल्या विसरतो, वाक्य अर्धवट ऐकतो, हातातलं काम सोडून दुसरं घेतो. "हे तर सगळ्यांनाच होतं" हे म्हणणं म्हणूनच खरं आहे, आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. रेषा माणसानेच आखायची असेल तर ती कुठे आखली यापेक्षा कशी तपासली याला जास्त महत्त्व येतं. रक्तदाब एकदाच मोजून, जिना चढून आलेल्या माणसाला आयुष्यभराची गोळी कुणी सुरू करत नाही. पुन्हा मोजतात, घरी मोजायला सांगतात. मग मुलाच्या स्वभावाचा निवाडा एका भेटीत कसा होतो?

जास्त निदान होतंय म्हणणाऱ्यांचा खरा बिनतोड पुरावा वेगळाच आहे आणि तो दुसऱ्या बाजूने क्वचितच मान्य केलेला दिसतो. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत शाळाप्रवेशासाठी १ सप्टेंबर ही वयाची सीमा असते. म्हणजे ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल वर्गात सगळ्यांत लहान आणि सप्टेंबरमध्ये जन्मलेलं जवळजवळ वर्षाने मोठं. २०१८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात चार लाखांहून जास्त मुलांची नोंद तपासली. ऑगस्टमधल्या दर १०,००० मुलांमागे ८५ जणांना एडीएचडीचं निदान झालं होतं, सप्टेंबरमधल्या ६४ जणांना. जिथे प्रवेशाची सीमा ही नव्हती त्या राज्यांत हा फरक दिसला नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सीमा ३१ डिसेंबरची. तिथे २०१२ साली असं आढळलं की डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलग्यांना निदान होण्याची शक्यता जानेवारीतल्या मुलग्यांपेक्षा ३० टक्क्यांनी आणि मुलींना ७० टक्क्यांनी जास्त होती. जन्माचा महिना पाहून मेंदूचा विकार ठरत नाही. सहा वर्षांच्या मुलासाठी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा; त्या वर्षात एका जागी बसायला, आपली पाळी येईपर्यंत थांबायला मूल शिकतं. त्या मुलांपैकी काहींना फक्त वाढायला वेळ हवा होता, आणि आपण त्यांना विकार दिला. हे मला साधी आकडेवारीतली गफलत वाटत नाही. लहान मुलांवर झालेला अन्याय वाटतो.

मात्र याच आकड्यांवरून सगळा विकारच बनावट आहे असं म्हणणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं झालं. वर्गातल्या मोठ्या मुलांमध्येही दहा हजारांत ६४ उरतातच. शिवाय "वयाच्या मानाने" ही अट निकषांत आधीपासून होती. कुणीतरी बाईंना विचारायला हवं होतं, "तुम्ही याची तुलना कुणाशी करताय? वर्गाशी की त्याच्या वयाच्या मुलांशी?" जन्मतारीख तर कागदावर सगळ्यांत वर लिहिलेली असते.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण तिचे मुद्देही तितकेच वजनदार आहेत. हे निकष ज्या अभ्यासांतून घडले त्यांत बहुतांश मुलगे होते: बाकावरून उठणारे, मध्येच बोलणारे, ढकलाढकली करणारे. जो वर्गाला त्रास देतो त्याला डॉक्टरांकडे पाठवलं जातं. जिला स्वतःलाच त्रास होतो तिला "जरा लक्ष देत जा" एवढं सांगितलं जातं. दवाखान्यात येणाऱ्या मुलांमध्ये मुलग्यांचं प्रमाण समाजातल्या खऱ्या प्रमाणापेक्षा जास्त असतं आणि मोठ्या वयात स्त्री-पुरुषांतली तफावत बरीच कमी होते, हे उगाच नाही. अवधानाची कमतरता असलेली हुशार मुलगी रात्र जागून, तीन-तीनदा तपासून, याद्यांवर याद्या करून वर्षानुवर्षं सांभाळून नेते. मग नोकरी, मूल, घर असं एकदम अंगावर आलं की तोल जातो आणि डॉक्टर चिंतेची किंवा नैराश्याची गोळी लिहून देतात. पुढे कधीतरी ती स्वतःच्या मुलाच्या तपासणीला बसलेली असते आणि प्रश्न ऐकता ऐकता तिला वाटतं, हे तर माझ्याचबद्दल चाललंय. या ओळखीला मी नुसता भास म्हणणार नाही. आपल्या आयुष्याचा सर्वांत जवळचा साक्षीदार माणूस स्वतःच असतो, आणि कित्येक खरी निदानं अशा क्षणापासूनच सुरू झाली आहेत.

चुकवलेल्या निदानाची किंमतही मोठी आहे. डेन्मार्कमधल्या १९ लाखांहून जास्त लोकांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०१५ साली द लॅन्सेटमध्ये आला. एडीएचडी असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण साधारण दुप्पट निघालं, आणि त्यात अपघात हे मुख्य कारण होतं. ज्यांचं निदान मोठेपणी झालं त्यांच्यात ते चौपटीहून जास्त होतं. उशिरा निदान झालेल्यांना इतर व्याधी आणि व्यसनंही जास्त असू शकतात, त्यामुळे सगळा दोष उशिरावर टाकता येणार नाही. तरीही ज्यात माणसं अपघातांत मरतात त्याला "फॅशन" म्हणायला जीभ रेटू नये.

पण "मी स्वतःला ओळखलं, तेवढं पुरे" इथपर्यंत मी येऊ शकत नाही. एक साधा हिशेब मांडतो. मोठ्या माणसांत एडीएचडीचं प्रमाण सुमारे २.५ टक्के मानलं जातं, म्हणजे १,००० जणांत २५. समजा आपल्याकडे बऱ्यापैकी चांगली प्रश्नावली आहे: ज्यांना विकार आहे त्यांतल्या ८० टक्क्यांना ती पकडते आणि ज्यांना नाही त्यांतल्या फक्त १० टक्क्यांना चुकून अडकवते. मग खरे सापडले २०. आणि उरलेल्या ९७५ जणांतले चुकून अडकले जवळजवळ ९८. एकूण ११८ जणांना "तुम्हाला एडीएचडी असू शकतो" असं उत्तर आलं, आणि त्यांतल्या सहापैकी एकालाच तो आहे. प्रश्नावली वाईट नाही. तिचं काम चाळणीचं आहे. मोठ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तयार झालेली सहा प्रश्नांची प्रश्नावली आज जिकडेतिकडे फिरते, तीसुद्धा पुढच्या तपासणीला कुणाला पाठवायचं हे ठरवण्यासाठीच बनवली आहे. चाळणीत राहिलेलं सगळं धान्यच असं समजून माणसं निकाल छातीवर लावून फिरतात, आणि काही ऑनलाइन दवाखाने त्याच निकालावर औषधाची चिठ्ठी देतात. टिकटॉकवरच्या एडीएचडीच्या सर्वाधिक पाहिलेल्या १०० व्हिडिओंची तपासणी कॅनडातल्या संशोधकांनी केली, २०२२ साली ती प्रसिद्ध झाली. त्यांतले ५२ दिशाभूल करणारे निघाले. शॉवरमध्ये उभं राहून विचारात हरवणं हे लक्षण म्हणून सांगितलं की कोण सुटणार?

मोठ्यांच्या निदानात सगळ्यांत कठीण अट म्हणजे बालपण. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा आयुष्यभर मागोवा घेतला जातोय. २०१५ साली त्यातून एक धक्कादायक गोष्ट पुढे आली: ३८व्या वर्षी एडीएचडीची लक्षणं असणाऱ्यांपैकी ९० टक्के लोकांना लहानपणी, त्या वेळी केलेल्या तपासणीत, तो नव्हता. लगेच प्रश्न उठला, हा विकार मोठेपणीही नव्याने सुरू होतो का? काहींनी त्यावर १२ वर्षांची अटच मोडीत काढा अशी मागणी केली. मग २०१८ साली अमेरिकेत असाच एक गट घेऊन, जो १०व्या वर्षापासून २५व्या वर्षापर्यंत पुन्हा पुन्हा तपासला गेला होता, मार्गरेट सिबली आणि सहकाऱ्यांनी एकेका व्यक्तीचा कागद पायरीपायरीने तपासला. लक्षणं खरोखर त्रास देताहेत का, दुसऱ्या ठिकाणी दिसतात का, व्यसनाच्या काळातच दिसतात का, नैराश्याच्या काळातच दिसतात का. प्रश्नावलीत "उशिरा सुरू झालेला एडीएचडी" दिसणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्के या तपासणीत गळाले, आणि खरा त्रास असलेल्यांच्या बाबतीत वगळण्याचं सर्वांत मोठं कारण नशेच्या पदार्थांचा अतिवापर हे होतं. म्हणजे प्रश्नावलीने जो नवीन आजार शोधला होता तो बहुतांशी चौकशीने विरघळला. मला या दोन अभ्यासांची जोडी या सगळ्या वादातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. आणि ते उरलेले थोडे? त्यांना बाजूला सारण्याचा हक्क आपल्याला नाही. काहींचं बालपण घरच्यांनी इतकं शिस्तीत बांधून दिलेलं असतं, किंवा बुद्धीने इतकं सावरलेलं असतं, की लक्षणं असूनही पडझड दिसत नाही. डीएसएम-५ने वयाची अट ७वरून १२वर नेली ती अशाच अनुभवांमुळे.

म्हणून जुनी प्रगतिपुस्तकं मागणारा डॉक्टर हा संशयखोर असतो, ही मोठ्या रुग्णांची तक्रार मला पटत नाही. तिसरीतल्या बाईंनी लाल शाईत लिहिलेला "हुशार आहे, पण धांदरटपणा फार" हा शेरा, पाचवीत "वह्या अपूर्ण", सातवीत पुन्हा "लक्ष खिडकीबाहेर": तीन वेगळ्या माणसांनी, एकमेकांशी न बोलता, कुठल्याही निदानाची कल्पना नसताना केलेली ही नोंद आहे. पस्तिशीतल्या माणसाच्या आठवणीपेक्षा ती भक्कम आहे, कारण आठवण आजच्या दुःखाच्या रंगात भिजून येते. अर्थात कागद सांभाळून ठेवणारं घर सगळ्यांच्या नशिबी नसतं, आणि लक्षणांमुळेच ज्याचे कागद हरवतात त्याला कागदांवरून अडवणं क्रूर आहे. तिथे भावंडाशी फोनवर अर्धा तास बोलणं, आईला "हा लहानपणी रांगेत कसा उभा राहायचा?" असं विचारणं, हेही चालतं. साक्षीदार एकापेक्षा जास्त हवेत, एवढाच हट्ट.

आणखी एक समज मुळातून उपटायला हवा: "गोळीने फरक पडला, म्हणजे एडीएचडी होताच." १९३७ साली चार्ल्स ब्रॅडली या अमेरिकन डॉक्टरने ॲम्फेटामाइन गटातलं बेन्झेड्रिन हे औषध वर्तनसमस्या असलेल्या मुलांना दिलं आणि त्यांतली अनेक जण अभ्यासात एकदम सुधारली; तिथून या औषधांचा प्रवास सुरू झाला. पण १९७८ साली ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी त्याच गटातलं औषध कुठलाही त्रास नसलेल्या मुलग्यांना दिलं, तेव्हा त्यांचीही चुळबुळ कमी झाली आणि लक्ष वाढलं. औषध ज्याला विकार आहे त्यालाही लागू पडतं आणि ज्याला नाही त्यालाही. तेव्हा चिठ्ठी देऊन "बघू या फरक पडतो का" म्हणणं म्हणजे निदान टाळून उपचार करणं. ज्या मुलाला खरं तर झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे, ते या गोळीने चार महिने वर्गात बरं बसेल, त्याची भूक मरेल, झोप आणखी बिघडेल, आणि घशातली वाढलेली गाठ तशीच राहील. खरं निदान झालेल्यांसाठी मात्र हीच औषधं आयुष्य बदलून टाकणारी ठरतात, आणि म्हणूनच त्यांच्याबद्दलची सरसकट भीतीही मला तितकीच खटकते.

राहिला सगळ्यांत व्यावहारिक आक्षेप. एवढी सखोल चौकशी करायला तज्ज्ञ आहेत कुठे? इंग्लंडमध्ये मोठ्या माणसांना तपासणीसाठी वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागतं. चौकशीचा आग्रह म्हणजे ही रांग आणखी लांबवणं, आणि रांगेत थांबायला ज्याच्याकडे पैसा किंवा चिकाटी नाही त्याला बाहेर ठेवणं. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो सहजासहजी उडवून लावू शकत नाही. पण यातली गोम अशी, की चौकशीचा बराच भाग तज्ज्ञाने करायची गरज नाही. कान आणि डोळे तपासणं, झोपेबद्दल विचारणं, शिक्षकांचं लेखी म्हणणं मागवणं, जुने कागद गोळा करणं, जन्माचा महिना वर्गाच्या सीमेशी ताडून पाहणं ही कामं बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यातली परिचारिका, शाळेचा समुपदेशक, नेहमीचा डॉक्टर यांच्या आवाक्यातली आहेत. तज्ज्ञासमोर माणूस पोचेल तेव्हा फाइल तयार असेल, तर त्या एका तासात खरं काम होतं. दुसरं, मदतीला शिक्क्याची वाट पाहायला लावणं हा आपणच घातलेला घोळ आहे. मुलाला पुढच्या बाकावर बसवणं, सूचना एका वेळी एकच देणं, मोठं काम तुकड्यांत वाटून देणं, परीक्षेत थोडा जास्त वेळ देणं, यांसाठी निदानाचं प्रमाणपत्र कशाला हवं? अगदी लहान मुलांच्या बाबतीत तर अमेरिकन बालरोग अकादमीसुद्धा औषधाआधी पालकांना वर्तनप्रशिक्षण द्या असंच सांगते. पण बहुतेक व्यवस्थांनी सवलतीचं दार निदानाच्या किल्लीने उघडणारं केलं. मग पालक किल्लीसाठी धावतात आणि डॉक्टर ती लवकर देतात. दार थोडं आधी उघडा, घाई आपोआप कमी होईल.

आणि चौकशीचं उत्तर "नाही" आलं तर? आज हा प्रश्न कुणी विचारतच नाही. "तुम्हाला एडीएचडी नाही" असं ऐकून बाहेर पडलेल्या माणसाला वाटतं की आपला त्रासच नाकारला गेला, आणि तो दुसरा, जास्त सढळ डॉक्टर शोधायला निघतो. त्याची चूक नाही, कारण त्याला त्या नकाराबरोबर काहीच दिलं गेलं नाही. वह्या अजूनही अपूर्णच आहेत, नोकरीत ताकीद मिळालेलीच आहे. "नाही" म्हणणाऱ्या अहवालात हेही लिहिलेलं असायला हवं, की मग लक्ष का उडतंय याबद्दल आमचा अंदाज काय, झोपेची तपासणी कुठे करून घ्यायची, नैराश्यासाठी कुणाला भेटायचं, शाळेने उद्यापासून काय करायचं, आणि सहा महिन्यांनी पुन्हा यायचं ते कोणत्या तारखेला.